पिकअपचं इंजिन ऑइल आणि लॅब रिपोर्ट : सिलिकॉन ४२ आलंय, ऑइल बदलू की आणखी काही बघू?

टॉवेलगाडी
नमस्कार मंडळी. माझी २.५ लिटर डिझेल पिकअप आहे, टर्बो, बीएस-४. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'कुठली गाडी भारी' वर जाईल. काम असं : अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे पुण्याला नाहीतर हैदराबादला. हंगामात सांगोला-मंगळवेढ्याकडून डाळिंब आणि कांदा, थेट शेतातून मार्केट यार्डात. म्हणजे निम्मं रनिंग हायवेला, निम्मं फुफाट्यात.

ऑइल १५डब्ल्यू-४० (ही जाडीची ग्रेड), सीआय-४ प्लस (हा एपीआय या अमेरिकी संस्थेचा डिझेल ऑइलचा दर्जा). मॅन्युअलप्रमाणे दहा हजारला बदलतो. गाडी दीड लाखाच्या पुढे गेली म्हणून या वेळी जुन्या ऑइलचा नमुना लॅबला पाठवला. ऑइलवर ९,००० किमी झाले होते. रिपोर्ट असा (धातू पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग) :

लोखंड ८६, अॅल्युमिनियम १७, क्रोमियम ६, तांबं ९, शिसं ७, सिलिकॉन ४२, सोडियम ५, पोटॅशियम ३.
१०० अंशाला व्हिस्कॉसिटी (जाडी) १३.९. टीबीएन ५.८ (नव्या ऑइलचा १०.४). काजळी ०.९ टक्के. पाणी नाही, डिझेल १ टक्क्याच्या आत.

सिलिकॉन आणि लोखंडावर लाल खूण आहे, खाली फक्त 'असामान्य, तपासा' एवढंच. दुकानदार म्हणतो फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० टाका. गॅरेजवाला म्हणतो सोलापूरच्या उन्हाला २०डब्ल्यू-५० च पाहिजे. कुणाचं ऐकू? इंजिन काढायची वेळ आलीय का, हीच धास्ती आहे.

हायवे६५
मालक, लॅब कशाला? ऑइलची गेजपट्टी काढायची, बोटाला ऑइल लावायचं, काळं झालं की बदलायचं. वडिलांनी ट्रक असेच चालवले.

बाळ्याचा_मिस्त्री
वीस-पन्नास टाका, डोळे झाकून. मे महिन्यात ४३-४४ ला गाडी तुळजापूरचा घाट चढती तेव्हा पंधरा-चाळीस पाण्यासारखं होतं. जुन्या गाड्यांचा प्रेशरचा दिवा मिणमिणताना मी रोज बघतो. जाड ऑइल म्हणजे इंजिनाला आधार.

पुण्यात_पडलेला
मी मूळचा जुळे सोलापूरचा. माझं मत सिंथेटिकला. टर्बोचं बेअरिंग किती तापतं बघा. मिनरल ऑइल तिथं जळून कोळसा धरतं, सिंथेटिक टिकतं. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

तेलतपासनीस
बरीच वर्षं ऑइलच्या लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काळ्या रंगाचं. हायवे६५, डिझेलचं ऑइल नवीन टाकल्यावर हजारभर किलोमीटरच्या आतच काळं दिसायला लागतं, आणि तसंच व्हायला हवं. ऑइलमधली डिटर्जंट आणि डिस्पर्संट रसायनं काजळीचे कण धरून ठेवतात, एकमेकांना चिकटू देत नाहीत. काळं ऑइल म्हणजे काम करणारं ऑइल. काजळी किती, ते बोटाला कळत नाही. या रिपोर्टमध्ये ती ०.९ टक्के आहे, म्हणजे किरकोळ.

आता जाडी. बाहेर ४४ अंश असले तरी थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी ठरलेल्या तापमानाला धरून ठेवतो आणि ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यात चालतं. पौषात आणि वैशाखात तिथे फरक पडतो तो थोडाच. म्हणून ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशाला मोजतात. ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. तुमचं ९,००० किमीनंतर १३.९ आहे, म्हणजे पट्ट्याच्या आतच. ते पातळ झालेलंच नाही. मग ५० चं कशाला? मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात २०डब्ल्यू-५० असेल तर टाका, नसेल तर नाही. थंड इंजिनात जाड ऑइल वरच्या कॅमपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि इंजिनाची झीज सुरू करतानाच जास्त होते.

टीबीएन म्हणजे ऑइलमध्ये आम्ल मारायची शिल्लक ताकद. १०.४ चा ५.८ झाला, निम्म्याहून जास्त शिल्लक. पूर्वी डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं, त्याचं आम्ल व्हायचं, आणि 'पाच हजारला ऑइल' ही सवय तेव्हाची. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमवर आलं, एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ म्हणजे १० पीपीएम. आता टीबीएन इतका भराभर खर्ची पडत नाही.

थोडक्यात तुमचं ऑइल पास आहे. नापास झालीय ती हवा. सिलिकॉन ४२ आणि अॅल्युमिनियम १७ एकत्र वर गेलेत. मातीत सिलिका आणि अॅल्युमिना दोन्ही असतात. माती आत गेली की ही जोडी हातात हात घालून चढते. त्याच मातीने लायनर (सिलिंडरची आतली भिंत) घासला की लोखंड वर, रिंगा घासल्या की क्रोमियम वर. शिसं आणि तांबं खाली आहे, म्हणजे बेअरिंगांना अजून झळ नाही. सोडियम-पोटॅशियम अगदी कमी, म्हणजे कूलंट आत उतरत नाही. इंजिन काढायचं नाव काढू नका.

दोन प्रश्न आहेत. मधल्या काळात चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) किंवा टॅपेट कव्हर उघडून गॅस्केट पेस्ट लावली होती का? सिलिकॉन पेस्टमुळेही आकडा वर जातो, फक्त तेव्हा अॅल्युमिनियम आणि लोखंड सोबत चढत नाही. आणि एअर फिल्टर कुणी, कसा साफ केला?

हायवे६५
काळ्या रंगाचं हे आजच कळलं. शब्द मागे घेतो.

अक्का_बार्शी
आमच्या तीन पिकअप आहेत, हिशेब मी बघते, म्हणून पैशाचं बोलते. ऑइल कुठलं यापेक्षा ऑइल खरं आहे का, हे आधी बघा. ब्रँडेड रिकामे डबे गोळा करून त्यात परत भरलेलं ऑइल बाजारात फिरतं. आम्ही फक्त पंपावरून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतो. झाकणाची सील आणि डब्यावरचा कोड माझ्यासमोर तपासला जातो. रिकामा डबा ड्रायव्हरने माझ्यासमोर सुरीने फाडायचा, हा आमच्या घरचा नियम. एपीआयचा गोल शिक्का असेल तर ते ऑइल परवानाधारक यादीत आहे का, हे एपीआयच्या संकेतस्थळावर शोधता येतं.

तेलतपासनीस
अक्का, फार महत्त्वाचं लिहिलंत. भर एवढीच की खोटं ऑइल रिपोर्टमध्ये लपत नाही. रिपोर्टात खाली कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस असतात. ही ऑइलमध्ये मुद्दाम घातलेली रसायनं. जस्त-फॉस्फरस झीज रोखतात, कॅल्शियम-मॅग्नेशियम सफाई करतात. म्हणून नव्या डब्यातलं थोडं ऑइलही एकदा तपासून ठेवावं. पुढच्या डब्यात हे आकडे अर्ध्यावर दिसले तर तो डबा कुठून आला ते विचारायचं.

टॉवेलगाडी
तेलतपासनीस सर, तुम्ही धीर दिलात. उत्तरं : चेंबर उघडलेलं नाही, पेस्ट लावलेली नाही. एअर फिल्टर एका गॅरेजमध्ये दर सर्व्हिसला हवा मारून परत बसवतात. पेपर फिल्टर आहे.

बाळ्याचा_मिस्त्री
ऑइलच्या जाडीवर सरांशी अजून माझं भांडण शिल्लक आहे, ते नंतर. पण हवेचं काम माझं, ते ऐका.

फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली की कागदाला बारीक भोकं पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. अंधाऱ्या खोलीत फिल्टरच्या आत बल्ब धरून फिरवा, कुठं ठिपका चमकला तर फिल्टर फेकून द्या. दुसरं, फिल्टरच्या टोकाचं रबर. ते कडक झालं की डब्यात नीट बसत नाही, मग फिल्टर नवा असला तरी हवा कडेनं जाती.

तिसरं, आणि माझी पैज यावरच : फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी होज. डब्यापासून पुढचा भाग म्हणजे साफ हवेची बाजू. तिथली क्लिप सैल असली की टर्बो फुफाटा थेट ओढतो. होज काढा, आतून बोट फिरवा. बोट कोरडं किंवा नुसतं तेलकट आलं तर ठीक. ब्रीदरचं, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीचं, थोडं तेल तिथं असतंच. पण पिवळसर मातीचा थर आला, पिठासारखा, बोटांत चोळल्यावर कचकच करणारा, तर चोर सापडला. होज वाकवून खालच्या बाजूच्या चुण्या पण बघा. तडे तिथंच पडतात, वरून दिसत नाहीत.

उसाचा_फड
आमच्या जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ एअर क्लीनर आहे. वाटीतलं ऑइल गढूळ झालं की बदलायचं, हवा मारायची भानगडच नाही. कारखान्याच्या सीझनमध्ये वाटी रोज बघावी लागते, एवढाच ताप.

सांगोल्याची_डाळिंबं
टॉवेलगाडी, आमच्या बागेतून माल नेत असाल तर फुफाट्याची जबाबदारी आमच्याकडे पण येते 😄 रस्त्याला पाणी मारायला सांगतो.

माझा अनुभव वेगळा. माझ्या पिकअपच्या रिपोर्टला सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही वर आले होते. गेजवर ऑइल अजिबात पांढरं नव्हतं, रेडिएटरचं पाणी मात्र हळूहळू कमी व्हायचं. मेकॅनिकला ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने गार करणारा भाग) गळका सापडला. पाणी वाफ होऊन उडून जातं, कूलंटमधलं मीठ मात्र ऑइलमध्ये मागं राहतं, असं लॅबवाल्यांनी सांगितलं. तेव्हापासून बोअरचं पाणी रेडिएटरला बंद. आमच्याकडचं पाणी एवढं क्षाराचं की किटलीत पापुद्रा धरतो, रेडिएटरच्या नळ्यांचं काय होत असेल?

विजापूर_रोड
धाग्यात घुसतो, माफ करा. माझी बीएस-६ आहे, डीपीएफवाली (सायलेन्सरच्या वाटेवर धुराचा फिल्टर असलेली). घरात सीआय-४ प्लसचे दोन डबे पडलेत. ते टाकले तर चालतील का?

तेलतपासनीस
विजापूर_रोड, नाही. डीपीएफ काजळी अडवतो आणि ती जाळून टाकतो, पण ऑइलच्या रसायनांची राख जळत नाही, ती आतच साठत जाते. सीके-४ सारख्या नव्या दर्जाच्या ऑइलमध्ये ही राख (सल्फेटेड अॅश) १ टक्क्याच्या आत ठेवावी लागते. सीआय-४ च्या ऑइलला तसं बंधन नव्हतं. मॅन्युअलमध्ये जो स्पेक लिहिलाय तोच टाका. ते दोन डबे डीपीएफ नसलेल्या, जुन्या गाडीवाल्या मित्राला द्या.

उलटं मात्र चालतं. सीके-४ डिसेंबर २०१६ पासून बाजारात आहे आणि ते सीएच-४, सीआय-४, सीआय-४ प्लस, सीजे-४ मागणाऱ्या इंजिनांनाही लागू पडतं. टॉवेलगाडींना हवं तर १५डब्ल्यू-४० मध्येच सीके-४ घेता येईल.

पुण्यात_पडलेला, तुमचा टर्बोचा मुद्दा बरोबर आहे, सिंथेटिक उष्णतेला जास्त टिकतं. पण ५डब्ल्यू मधल्या ५ चा फायदा आपल्याकडे मिळत नाही. ५डब्ल्यूची क्रँकिंगची (थंडीत इंजिन सुरू करण्याची) चाचणी उणे ३० अंशाला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. सोलापूरला हुरड्याच्या दिवसांतसुद्धा त्याच्या जवळपास कुणी जात नाही. आणि गरम, दाबाखालच्या बेअरिंगमध्ये जी जाडी लागते, तिची किमान मर्यादा (हे माप वेगळं) १५डब्ल्यू-४० ला ३.७ आहे आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. म्हणजे महाग ऑइल म्हणून दाबाखाली जास्त जाड असेलच असं नाही. मुख्य म्हणजे माती आत येत असेल तर कुठलंही ऑइल ती थांबवू शकत नाही.

पुण्यात_पडलेला
तरीही मी लांबच्या रनिंगला सिंथेटिकच वापरणार. पण या केसमध्ये मातीचा मुद्दा पटला.

टॉवेलगाडी
मिस्त्री, तुमच्या हाताला सोनं लागो! आज रविवार, गाडी दारात उभी होती. होज काढला. डब्याकडच्या तोंडाला काही नाही. टर्बोकडच्या टोकाला बोट घातलं तर अगदी तुम्ही म्हणालात तसा पिवळसर पिठासारखा थर, खालच्या अर्ध्या भागातच. क्लिप दिसायला आवळलेली, पण तिची पट्टी होजच्या कडेवर तिरकी चढलेली. होजच्या एका चुणीत नखाएवढा तडा. फिल्टरमध्ये बल्ब धरला, एके ठिकाणी टाचणीएवढा उजेड आला.

होज, क्लिप, फिल्टर तिन्ही नवीन. ऑइल तेच १५डब्ल्यू-४० आणि ऑइल फिल्टर नवा. सर, पुढचा नमुना कधी?

तेलतपासनीस
निम्म्या अंतरावर घ्या, साडेचार हजारच्या आसपास. आणि नमुना कसा घेता यावर निम्मा रिपोर्ट असतो. गाडी फिरवून आणा, ऑइल गरम असताना घ्या. ड्रेन बोल्ट काढून घेणार असाल तर त्याच्या भोवतालची माती आधी पुसा, पहिली धार जाऊ द्या, मधली बाटलीत घ्या, तळाचा गाळ नको. ऑइल बदलायचं नसेल तर गेजच्या नळीतून नवी प्लॅस्टिकची नळी घालून हातपंपाने ओढा. बाटली लॅबचीच वापरा. औषधाची किंवा पाण्याची धुतलेली बाटली नको. चिठ्ठीवर ऑइलचं नाव, ऑइलवर झालेले किमी, गाडीचे एकूण किमी आणि मध्ये किती ऑइल वर टाकलं, हे लिहा. टॉप-अप लपवला तर आकडे खोटेच चांगले दिसतात.

आणखी एक. लॅबचं मशिन साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण मोजतं. मोठा तुकडा त्याला दिसत नाही. म्हणून काढलेला ऑइल फिल्टर टाकू नका. फिल्टर कटरने कापा (हॅक्सॉने नको, करवतीचा चुरा आत पडतो), कागदाच्या घड्या पसरा आणि उन्हात धरा. चकचकीत कण दिसले तर चुंबक फिरवा. उचलले गेले तर लोखंड, नाही तर बेअरिंग किंवा पिस्टनचा माल. ज्याचा रिपोर्ट छान आणि फिल्टरमध्ये चमक, त्याने फिल्टरवर विश्वास ठेवावा.

बाळ्याचा_मिस्त्री
फिल्टर कापून बघायचं मी पण करतो. सर, इथं आपलं जमलं.

आणि एअर फिल्टर सारखा सारखा काढू नका रे पोरांनो. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो. दर वेळी काढला की बैठक हलती.

अक्का_बार्शी
काढलेल्या जुन्या ऑइलचं काय करता सगळे? आमच्याकडे लोक वाळवीला म्हणून गोठ्याच्या खांबांना लावतात, काही जण बांधावर ओततात. ते विहिरीच्या पाण्यात उतरतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला पाहिजे. आम्ही ड्रममध्ये साठवतो आणि पावती घेऊन देतो. ज्यांच्याकडे एकच गाडी आहे त्यांनी मोठ्या वर्कशॉपच्या ड्रममध्ये ओतू द्या म्हणून विचारावं, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

उसाचा_फड
अक्का, खांबांना आम्हीही लावायचो. आता थांबवतो. विहीर गोठ्याला लागूनच आहे.

टॉवेलगाडी
दुसरा रिपोर्ट आला. ऑइलवर ४,५०० किमी, कांद्याचा हंगाम मध्ये होताच, म्हणजे फुफाटा तोच. टॉप-अप शून्य.

लोखंड २१, अॅल्युमिनियम ५, क्रोमियम २, तांबं ४, शिसं ३, सिलिकॉन १२. व्हिस्कॉसिटी १४.२. लाल खूण एकही नाही. ऑइल फिल्टर अजून गाडीवरच आहे, बदलीन तेव्हा कापून बघतो.

तेलतपासनीस
उत्तम. किलोमीटर निम्मे आहेत म्हणून सरळ तुलना करू नका, हजार किलोमीटरमागे बघा. आधी लोखंड हजारला साडेनऊ होतं, आता पावणेपाचच्या आत. अॅल्युमिनियम १.९ वरून १.१. सिलिकॉनच्या १२ मध्ये काही भाग नव्या ऑइलमधल्याच फेस मारणाऱ्या रसायनाचा असतो, आणि ड्रेन केल्यावरही इंजिनात थोडं जुनं ऑइल राहतंच, त्यातली माती या रिपोर्टात मोजली गेलीय. पुढच्या नमुन्यात आणखी खाली यायला हवं. लायनरचं जे घासलं गेलं ते परत येणार नाही, म्हणून गाडी हजार किलोमीटरला किती ऑइल खाते, ती नोंद आजपासून ठेवा.

तुमच्या मूळ प्रश्नावर : १५डब्ल्यू-४० सोडू नका. सीआय-४ प्लस मिळतंय तोवर तेच, नाही मिळालं तर सीके-४. दहा हजारचं अंतर तुमच्या मॅन्युअलचं आहे आणि पहिल्या रिपोर्टचा टीबीएन त्याला धरून आहे, ते कमी करायची गरज नाही.

बाळ्याचा_मिस्त्री
चालंल. पण दोन लाखाच्या वर गेली आणि गरम इंजिनला प्रेशर पडायला लागलं तर माझ्याकडं या, तेव्हा वीस-पन्नासचं बोलू.

तेलतपासनीस
मिस्त्री, तेव्हा आधी खरं प्रेशर गेज लावून मोजू, मग ऑइलचं बोलू. कबूल?

बाळ्याचा_मिस्त्री
कबूल. गेज माझ्याकडं आहे.

हायवे६५
मी आज माझ्या गाडीचा होज काढला. क्लिप घट्ट आहे, पण टर्बोकडच्या टोकाला पिवळसर थर आहे. फोटो टाकतो संध्याकाळी. तडा कुठं शोधायचा, मिस्त्री?